नांगराच्या तासांत सापडलेले चित्र



आपल्यापैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना तो काळ्या-पांढऱ्या चित्राचा, सरकत्या लाकडी दाराचा टीव्ही नक्की आठवत असेल. चित्र वरखाली पळू लागले की घरातले मोठे माणूस उठून पेटीच्या मागची खुंटी फिरवायचे, नाहीतर वरून एक चापट द्यायचे. आम्ही पोरे मात्र नाक काचेला लावून बसायचो. इतक्या जवळून चेहरा दिसत नसे, दिसत त्या नुसत्या आडव्या रेघा, एकाखाली एक. आपल्या देशातल्या त्या टीव्हीच्या चित्रात अशा ६२५ रेघा धरलेल्या असत हे मला फार उशिरा समजले.

या रेघांमागे शेतात औत हाकणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाची कथा आहे. त्याचे नाव फिलो टेलर फार्न्सवर्थ. रेडिओचा शोध कोणी लावला, टेलिफोनचा कोणी लावला, हे आपली मुले परीक्षेत धडाधड सांगतात. पण ज्या वस्तूपुढे निम्मे आयुष्य जाते तिच्या मागचे हे नाव त्यांना माहीत नसते. अमेरिकेतही फारसे माहीत नव्हते. ते का नव्हते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

फिलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ रोजी अमेरिकेतील उटा राज्यात, बीव्हर गावाजवळ, एका लाकडी खोपटात झाला. घर शेतकऱ्याचे, आणि पाच भावंडांत हा थोरला. पुढे कुटुंब आयडाहो राज्यातील रिग्बी या गावी आले. तेथील शेतावर वीज निर्माण करणारे लहानसे यंत्र होते. फिलोने वीज पाहिली ती तिथे. घराच्या माळ्यावर कोणीतरी टाकून दिलेली विज्ञानाची जुनी मासिके त्याला सापडली, आणि त्याला दुसरे काही सुचेना. बिघडलेले यंत्र तो खोलून दुरुस्त करू लागला. आईचे हाताने फिरवायचे कपडे धुण्याचे यंत्र त्याने विजेच्या मोटरीवर चालते केले. (घरातल्या थोरल्या मुलाला आईचे दुखणारे हात दिसले, ही गोष्ट मला त्याच्या पुढच्या सगळ्या पेटंटांपेक्षा कमी वाटत नाही.) एका मासिकाच्या स्पर्धेत त्याने मोटार चोरीला जाऊ नये म्हणून कुलपाची युक्ती पाठवली आणि २५ डॉलरचे बक्षीस मिळवले.

त्या मासिकांत त्याने दूरवर चित्र पाठवण्याच्या खटपटींविषयी वाचले. ही खटपट जुनी होती. जर्मनीच्या पॉल निपको यांनी १८८४ सालीच भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीचे पेटंट मागितले होते. तबकडी फिरते, एकेका भोकातून चित्राचा एकेक पट्टा पुढे सरकतो, अशी ती युक्ती. पुढे लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी अशाच तबकड्यांच्या आधारे जगाला चालते टेलिव्हिजन दाखवले. त्यांचे चित्र ३० रेघांचे होते. माणसाचा चेहरा कसाबसा ओळखू यायचा. स्वच्छ चित्र हवे तर रेघा कितीतरी जास्त हव्यात, आणि तेवढ्या वेगाने चाक फिरवावे तर यंत्राची मर्यादा आडवी येणार. फिलोला हे वाचतानाच उमगले, की चाकाच्या वाटेने हे काम कधी नीट होणार नाही.

१९२१ चा उन्हाळा. बटाट्याच्या शेतात घोड्यांचे औत चालू होते. एक तास संपला की घोडी वळवायची आणि शेजारून दुसरा धरायचा. मुलाने मागे वळून पाहिले. शेतभर तास पडले होते, एकाशेजारी एक, सरळ. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण पुस्तकाचे पान असेच वाचतो की! एक ओळ संपली की खालची. मग चित्रसुद्धा असेच वाचता येईल, फक्त वाचणारे चाक नको. वाचायचे काम इलेक्ट्रॉनकडे द्यायचे. त्यांना वजन जवळजवळ नाही, आणि लोहचुंबकाच्या जोराने ते क्षणात हवे तिकडे वळतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असे विजेवरचे टेलिव्हिजन होऊ शकेल हे ब्रिटनच्या कॅम्पबेल-स्विंटन यांनी १९०८ सालीच लिहून ठेवले होते. पण लिहिणे वेगळे आणि करून दाखवणे वेगळे.

फळा आणि वहीचे पान

रिग्बीच्या शाळेत जस्टिन टोलमन हे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. फिलो वयाने लहान, तरी वरच्या वर्गाचा विषय शिकू द्या म्हणून त्यांच्या मागे लागला. टोलमन सरांनी त्याला शाळा सुटल्यावर शिकवायचे कबूल केले. १९२२ सालच्या एका दिवशी सरांनी पाहिले तर फळा आकृत्यांनी भरलेला. हे रसायनशास्त्र नव्हते. मुलगा म्हणाला, हे मला तयार करायचे आहे, आणि समजेल असे तुमच्याशिवाय इथे कोणी नाही. त्याने वहीच्या पानावरही आकृती काढून दिली. सरांनी ते पान टाकून दिले नाही.

शिक्षकांना त्यातले सगळे समजले होते का? नसावे. त्या काळी जगात मोजक्याच लोकांना समजले असते. पण विद्यार्थी काहीतरी मोलाचे बोलतो आहे एवढे त्यांनी ओळखले, आणि ऐकून घेतले.

जानेवारी १९२४ मध्ये वडील न्यूमोनियाने वारले. थोरल्या मुलावर घराचा भार आला. विद्यापीठाचे शिक्षण अर्धवट राहिले. पडेल ते काम करत करत तो सॉल्ट लेक सिटीत आला, आणि तिथे एका देणगी मोहिमेत त्याला जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल हे दोघे भेटले. शिपायासारखे काम करणाऱ्या या एकोणीस वर्षांच्या पोराच्या तोंडून टेलिव्हिजनची गोष्ट ऐकून त्यांनी ६ हजार डॉलर काढले. याला मी धाडस म्हणतो.

२७ मे १९२६ रोजी फिलोचे एल्मा गार्डनर या मुलीशी लग्न झाले. तिला सगळे पेम म्हणत. लग्नाच्याच रात्री नवरा म्हणाला की माझ्या आयुष्यात आणखी एक बाई आहे, तिचे नाव टेलिव्हिजन! पेम ही आठवण हसत सांगत असत. दुसऱ्या दिवशी दोघे लॉस एंजेलिसला निघाले. भाड्याच्या घरात जेवणाच्या खोलीत काम सुरू झाले. खिडक्यांना पडदे, आत काचेच्या नळ्या, तारेची वेटोळी. त्या काळी अमेरिकेत दारूबंदी होती. शेजाऱ्यांना वाटले इथे हातभट्टी लागते आहे, आणि पोलीस झडतीला आले! त्यांना दारूचा थेंब मिळाला नाही, आणि जे मिळाले ते काय आहे हे समजले नाही.

पैसे संपले. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकवाल्यांच्या गटाने २५ हजार डॉलर दिले, आणि त्या बदल्यात मोठा हिस्सा आपल्याकडे ठेवला. ग्रीन स्ट्रीटवर २०२ क्रमांकाच्या इमारतीत प्रयोगशाळा उभी राहिली. ७ जानेवारी १९२७ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी.

यंत्र कसे होते ते थोडक्यात सांगतो. एक काचेची नळी, आतली हवा काढलेली. तिच्या एका टोकाला असा मुलामा, की त्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. जिथे उजेड जास्त तिथे इलेक्ट्रॉन जास्त, सावलीत कमी. म्हणजे समोरच्या दृश्याचे एक अदृश्य, विजेचे चित्रच नळीत तयार होते. बाहेरून तारेच्या वेटोळ्यांचे चुंबक हे सबंध चित्र एका बारीक भोकापुढून रेघेरेघेने सरकवतात. भोकातून कधी जास्त इलेक्ट्रॉन जातात, कधी कमी. तोच चढउतार तारेने किंवा लहरींनी दुसरीकडे न्यायचा, आणि तिथल्या नळीच्या पडद्यावर त्याच क्रमाने उजेड-अंधार करायचा. झाले चित्र.

नळीला तोंडाशी सपाट काच हवी होती. अनुभवी काच कारागिरांनी होणार नाही म्हणून सांगितले. पेमचा भाऊ क्लिफ गार्डनर याने काच फुंकण्याचे काम स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले आणि ती नळी बनवून दाखवली. पेमही तांत्रिक आकृत्या काढायला आणि नळीतल्या बारीक भागांचे जोडकाम करायला शिकल्या. संशोधकाचा फोटो छापून येतो, ही माणसे फोटोच्या चौकटीबाहेर राहतात. म्हणून मुद्दाम नोंदवले.

७ सप्टेंबर १९२७. एका खोलीत क्लिफ, हातात काचेची पट्टी, तिच्यावर एक सरळ रेघ. दुसऱ्या खोलीत बाकीचे, पडद्याकडे टक लावून. पडद्यावर थरथरत एक रेघ उमटली. क्लिफला पट्टी फिरवायला सांगितले. इकडे पडद्यावरची रेघही फिरली. मध्ये कोठेही चाक नव्हते. चित्र पकडणारे टोकही इलेक्ट्रॉनचे आणि दाखवणारेही. जपानमध्ये केंजिरो ताकायानागी यांनी डिसेंबर १९२६ मध्ये विजेच्या नळीवर एक अक्षर उमटवले होते, पण पाठवण्याच्या बाजूला त्यांनी तबकडीच वापरली होती. म्हणून हा मान फार्न्सवर्थ यांचा. तेव्हा त्यांचे वय होते २१.

भांडवलवाले सारखे विचारत, या यंत्रातून डॉलर कधी दिसणार? तर फार्न्सवर्थ यांनी त्यांच्यासाठी पडद्यावर डॉलरचेच चिन्ह आणून दाखवले! माणसांत सर्वांत आधी पडद्यावर आल्या त्या पेम, १९२९ साली. या नळीला फार झगझगीत उजेड लागे, त्यामुळे त्या चित्रात त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

मोठ्या कंपनीशी गाठ

आता आर.सी.ए. या कंपनीकडे वळू. अमेरिकेत रेडिओ म्हणजे आर.सी.ए., आणि तिचे प्रमुख डेव्हिड सारनॉफ. हे गृहस्थ रशियन साम्राज्यातल्या मिन्स्कजवळच्या खेड्यात गरीब ज्यू कुटुंबात जन्मले, लहानपणी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकली आणि स्वतःच्या बळावर वर चढले. उपेक्षेतून आलेला माणूस दुसऱ्या होतकरूला हात देईल असे आपल्याला वाटते. दर वेळी तसे घडत नाही. त्यांच्या कंपनीचे धोरण ठरलेले होते, की हक्काचे पैसे आपण लोकांकडून घ्यायचे, कोणाला द्यायचे नाहीत.

एप्रिल १९३० मध्ये व्लादिमिर झ्वोरीकिन हे नामांकित शास्त्रज्ञ ग्रीन स्ट्रीटवर आले. फार्न्सवर्थ यांनी पाहुणा समजून सगळे मोकळेपणाने दाखवले. झ्वोरीकिन यांनी नळी हातात घेऊन मनापासून तारीफ केली, आणि ते पूर्वेकडे आर.सी.ए.च्या कामाला लागले. पुढे त्यांनी काढलेली नळी वेगळ्या धाटणीची होती, उजेड साठवून ठेवणारी, म्हणून कमी उजेडातही चालणारी. ती फार्न्सवर्थ यांच्या नळीपेक्षा त्या बाबतीत सरस होती हे मान्य केले पाहिजे. पण चित्र प्रथम विजेचे करायचे आणि मग रेघेरेघेने वाचायचे, या मूळ गोष्टीचे पेटंट २६ ऑगस्ट १९३० रोजी फार्न्सवर्थ यांना मिळाले होते. १९३१ मध्ये खुद्द सारनॉफ प्रयोगशाळा पाहून गेले. १ लाख डॉलरला सगळे विकत मागितले. फार्न्सवर्थ यांनी नकार दिला.

मग झगडा सुरू झाला. आर.सी.ए.चे म्हणणे, आमच्या झ्वोरीकिन यांचा अर्ज १९२३ चा आहे, मग हा शोध आमचा. १९३४ मध्ये साक्षी झाल्या. वकील जस्टिन टोलमन सरांना शोधत गेले. सरांनी साक्ष दिली, बारा वर्षांपूर्वी फळ्यावर पाहिलेली आकृती मांडून दाखवली. खेड्यातला एक मास्तर, समोर देशातली बलाढ्य कंपनी.

मी कारकून माणूस. दिवसभर आवक-जावकच्या नोंदी आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देणे, यात माझी वीस वर्षे गेली. किती जण येतात आणि म्हणतात, अर्ज दिला होता हो साहेब. पोच कुठे आहे विचारले की गप्प. त्यामुळे या खटल्यात माझा जीव गुंतला तो एका ठिकाणी. सरांची साक्ष हृदयाला भिडणारी होती, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या आकृतीवर कायदा शोधाची तारीख धरायला सहज तयार होत नाही. फार्न्सवर्थ यांच्या हातात दुसरा कागद होता, ७ जानेवारी १९२७ चा, रीतसर दाखल केलेला, तारीख पडलेला. आणि समोरच्यांचा १९२३ चा अर्ज उघडून वाचला तेव्हा त्यात ते विजेचे चित्र असल्याचे सिद्ध होईना. १९३५ मध्ये पेटंट कार्यालयाने निकाल दिला : शोधाचा अग्रहक्क फार्न्सवर्थ यांचा. आर.सी.ए.ने अपील केले, तेही फेटाळले गेले.

जिंकले, पण काय उरले

या लढाईच्या वर्षांत घरात काय चालले होते? १९३१ मध्ये मंडळी फिलाडेल्फियाला एका रेडिओ कंपनीच्या आश्रयाने गेली. मार्च १९३२ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा केनी घशाच्या संसर्गाने दगावला. त्याला वर्षच नुकते पूर्ण झाले होते. तेव्हा अशा संसर्गावर आजच्यासारखी औषधे नव्हती. लेकराला माहेरच्या मातीत पुरण्यासाठी पेम एकट्या रेल्वेने उटाला गेल्या. फार्न्सवर्थ कामापायी मागे राहिले. नवरा-बायकोत त्यानंतर बराच काळ अबोला होता, असे पेम यांनी पुढे आपल्या आठवणींत सांगितले आहे. ज्या आईने मूल गमावले आहे तिला यापुढे काही सांगावे लागणार नाही.

ऑगस्ट १९३४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी जनतेला आपले टेलिव्हिजन दाखवले. लोक तिकीट काढून रांगा लावून आले. टेनिस दाखवले, नकलाकार दाखवले, आणि एका रात्री कॅमेरा आकाशाकडे वळवून चंद्रही दाखवला.

एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सारनॉफ यांनी थाटात टेलिव्हिजनचा आरंभ केला. वर्तमानपत्रांत नाव झाले ते त्यांचे. त्याच वर्षी, फार मागे, आर.सी.ए.ने फार्न्सवर्थ यांच्याशी करार केला. दहा वर्षांत १० लाख डॉलर, शिवाय वापराचा मोबदला. दुसऱ्याला हक्काचा पैसा न देणाऱ्या कंपनीने आयुष्यात प्रथमच असा कागद सही केला. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले होते म्हणतात!

पण आता कॅलेंडर पाहा. अमेरिकेत पेटंटची मुदत तेव्हा १७ वर्षे. १९३० चे पेटंट १९४७ ला संपणार. त्यातली पहिली काही वर्षे भांडणात गेली. महायुद्धात १९४२ पासून टीव्ही संच बनवणे बंद झाले ते १९४५ पर्यंत. लोकांनी संच विकत घ्यायला सुरुवात केली ती १९४७ नंतर. १९५० मध्ये अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी नऊ घरांत टीव्ही होता. १९६० मध्ये सुमारे ८७ घरांत. म्हणजे पीक कापणीला आले तेव्हा शेतावरचा हक्क संपला होता. कंपनीने खटला जिंकला नाही, तरी वर्षे जिंकली. आपल्याकडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

फार्न्सवर्थ खचले. मनाचे दुखणे, त्यात दारू. ते मेन राज्यात जाऊन राहिले, तर १९४७ सालच्या वणव्यात तिथले घरही जळाले. त्यांच्या नावाची कंपनी १९४९ मध्ये दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. त्यांच्या घरात मुलांना टीव्ही पाहायला मनाई असे. त्यात पाहण्यासारखे काही नसते, हे त्यांचे मत होते, असे मुलानेच सांगितले आहे.

३ जुलै १९५७ रोजी ते एका टीव्ही कार्यक्रमात आले. पाहुण्याचे गुपित ओळखा, असा तो खेळ. परीक्षकांना ओळखता आले नाही, की हाच तो माणूस ज्याने चौदाव्या वर्षी इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजन मनात रचले. बक्षीस मिळाले ८० डॉलर आणि सिगारेटचा एक खोका.

शेवटची वर्षे त्यांनी अणूंच्या मीलनातून ऊर्जा काढण्याच्या प्रयोगांत घालवली. त्याचेही पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले, पण ज्याची आशा होती ती ऊर्जा हाती आली नाही. होते नव्हते ते पैसे त्यात गेले.

२० जुलै १९६९ च्या रात्री मात्र नवरा-बायको टीव्हीपुढे बसले होते. चंद्रावर पाय ठेवणारा माणूस पडद्यावर दिसत होता. ते पेमकडे वळून म्हणाले, यासाठी सगळे सोसले ते सार्थकी लागले. ११ मार्च १९७१ रोजी सॉल्ट लेक सिटीजवळच्या राहत्या घरी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ६४. वडिलांना नेणारा आजारच मुलालाही घेऊन गेला.

पेम यांनी पुढे पस्तीस वर्षे कागद सांभाळले, पत्रे लिहिली, जो भेटेल त्याला सांगितले. १९८३ मध्ये अमेरिकेने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. उटाच्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी मोहीम चालवली, आणि १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनात फार्न्सवर्थ यांचा पुतळा उभा राहिला, हातात ती काचेची नळी घेऊन. पेम २००६ मध्ये ९८ व्या वर्षी वारल्या. प्रत्येक राज्याला तिथे दोनच पुतळे ठेवता येतात. डिसेंबर २०२४ मध्ये उटाने फार्न्सवर्थ यांच्या जागी मार्था ह्यूज कॅनन यांचा पुतळा बसवला. त्या डॉक्टर होत्या, आणि अमेरिकेतल्या राज्य सिनेटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री.